संबळ कुणाच्या दारात?

संबळ घुमला की आपली काही पोरं तोंड फिरवतात. देवीचं वाद्य, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यानं काहून ऐकायचं, म्हणतात. सवाल रास्त आहे. तो टाळून विठ्ठल उमपांच्या 'जांभूळ आख्याना'वर बोलता येत नाही.

गोंधळ आपल्याला परका नाही. माहूर आपल्या पुसद-उमरखेडच्या शेजारीच. संबळ-तुणतुणं घेऊन गोंधळी लग्नघरी येणार, आधी देवांना आवतण देणार, मग रात्रभर आख्यान लावणार. पोट मात्र यजमानाच्या हातात. कला मोठी अन् कलावंत मागता, ही इथली रीत.

अन् इथलीच नाही. पश्चिम आफ्रिकेत, माली-गिनीकडं कोरा नावाचं २१ तारांचं वाद्य आहे, भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं. वाजवणारी घराणी पिढीजात. राजे-सरदारांच्या वंशावळी सांगायच्या, स्तुती गायची. त्यातल्याच मोरी कांते यांनी १९८७ च्या 'येके येके'त कोरा नाचाच्या इलेक्ट्रिक ठेक्यावर बसवला. युरोपभर गाणं गाजलं. वाद्य दरबारातून सुटलं, हे खरं. पण सरदार गेला अन् कंपनीचा शेठ आला तर गाणारा सुटला का? वाद्य किती नवं झालं ते मागून बघू. गाणं कुणासाठी चाललंय, ते आधी विचारा.

उमपांनी (१९३१-२०१०) या सवालाला हात घातला. गोंधळ यजमानाच्या अंगणातून उचलला अन् रंगमंचावर आणला. मधोमध उभी केली द्रौपदी, पाच नवरे असून कर्णावर मन गेलेली. लोककथेतलं तुटलेलं जांभूळ झाडाला पुन्हा लागतं ते मनातलं खरं बोलल्यावरच. बाईनं ते चारचौघांत बोलायचं! अन् मन गेलं ते कुणावर? सूतपुत्र म्हणून हिणवलेल्यावर. उमप गडीमाणूस, पण ही बाई अंगात भिनवून गातात. हसवतात लय, तिची टिंगल मात्र होऊ देत नाहीत.

तक्रारही मांडतो. कथा अखेर महाभारताचीच. भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३० च्या दशकात तमाशाचा साचा घेतला, अन् गण-गौळणीच्या जागी चळवळीचा विचार आणला. तेवढी तोडमोड आख्यानात नाही. म्हणून काही उमप परके ठरत नाहीत. याच गळ्यानं भीमगीतं गायली. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच हा शाहीर कोसळला अन् गेला.

आता आपल्याकडं बघा. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे, चाल सिनेमाची, वरून बाबासाहेबांचं नाव चिकटवलेलं. यंत्र नवं आलं म्हणून गाणं नवं झालं का? पोरांनो, संबळ घ्या, डफ घ्या नाहीतर कीबोर्ड घ्या. पण आपल्या वस्तीतल्या बाईचं, कापूस वेचणाऱ्या मजुराचं कोणतं खरं त्यात बोललं गेलं, ते दाखवा. मग वाद्याचा वाद घालू.