स्तरीय प्रवाहाचे संगणकीय प्रतिरूपण : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठी परिभाषेत द्रायू अशी संज्ञा आहे. द्रायूंच्या प्रवाहाचा अभ्यास अलीकडे प्रयोगशाळेपेक्षा संगणकाच्या पडद्यावर अधिक होऊ लागला आहे. फ्लुएंट, कॉम्सॉल यांसारखी व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि २००४ पासून मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध असलेले ओपनफोम यांमुळे पदवीच्या विद्यार्थ्यालाही नेव्हिए-स्टोक्स समीकरणांची संख्यात्मक उकल काढता येते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमच्या प्रसारासाठी केलेले कार्य या दृष्टीने मोलाचे आहे. ही सोय स्वागतार्हच आहे. तथापि, प्रकल्प अहवाल आणि लघुप्रबंध वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. नळीतील किंवा पोकळीतील प्रवाहाचे रंगीत चित्र छापले जाते, रेसिड्यूअलचा उतरता आलेख जोडला जातो आणि 'प्रवाह स्तरीय असल्याचे दिसून आले' असे विधान निष्कर्षात येते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवाह स्तरीय आहे हे सॉफ्टवेअर सांगत नसते. ते आपण त्याला सांगितलेले असते. सॉल्व्हर निवडताना 'लॅमिनार' या पर्यायावर टिचकी मारली की पुढची सर्व गणना त्या गृहीतकाच्या चौकटीत होते. गृहीतक चुकले असेल तर कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. उत्तर येते आणि ते देखणे असते.

नळीतील प्रवाह

साधे उदाहरण घेऊ. २० मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत नळीतून पाणी सेकंदाला ५ सेंटिमीटर या सरासरी वेगाने वाहत आहे. पाण्याची गतिक श्यानता लक्षात घेता रेनॉल्ड्स अंक सुमारे १००० येतो. प्रवाह स्तरीय आहे, वेगाचा आलेख अन्वस्ताकार आहे आणि मध्यावरील वेग सरासरीच्या दुप्पट आहे. हागेन यांनी १८३९ मध्ये आणि प्वासय या फ्रेंच वैद्याने त्यानंतरच्या काही वर्षांत केशनळ्यांवरील मोजमापांतून जो नियम शोधला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. संगणकही तेच सांगतो.

आता वेग दहापट करू. रेनॉल्ड्स अंक १०,००० होतो. नेहमीच्या पाणीपुरवठ्याच्या नळीत हा प्रवाह संक्षुब्ध असणार, हे पाठ्यपुस्तक वाचलेला विद्यार्थी जाणतो. परंतु स्तरीय सॉल्व्हरला तो नियम ठाऊक नसतो. पूर्ण विकसित प्रवाहासाठी तो पुन्हा अन्वस्तच काढून देतो आणि त्यावरून घर्षण गुणांक ०.००६४ येतो. गुळगुळीत नळीतील संक्षुब्ध प्रवाहासाठी ब्लासियस यांच्या सूत्राने तोच गुणांक सुमारे ०.०३१६ आहे. म्हणजे पडद्यावरील उत्तरावर विसंबून पंप निवडला, तर लागणाऱ्या दाबाचा अंदाज सुमारे पाचपटीने कमी पडेल. या गणनेत समीकरण चुकलेले नाही, जाळी विरळ नाही, रेसिड्यूअलही अपेक्षेप्रमाणे उतरलेले आहे.

असे का घडते याचे उत्तर भौतिकीत आहे. वर्तुळाकार नळीतील अन्वस्ताकार प्रवाह अतिसूक्ष्म विक्षोभांच्या बाबतीत आतापर्यंत गणना झालेल्या सर्व रेनॉल्ड्स अंकांना स्थिर आढळला आहे. तो बिघडतो तो विशिष्ट मर्यादेहून मोठ्या विक्षोभामुळे : नळीच्या तोंडाची धार, भिंतीचा खडबडीतपणा, टाकीतील हालचाल. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून केलेल्या आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले होते. त्यांनी प्रवाहाच्या दोन अवस्थांना 'सरळ' आणि 'नागमोडी' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. पाणी पुरेसे शांत ठेवले असता सरळ अवस्था १२,००० च्या पुढेही टिकते, असे त्यांना आढळले. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग करणाऱ्यांना हा आकडा गाठता आला नाही, त्याचे कारण मँचेस्टरच्या रस्त्यांवरील वाढलेली वाहतूक असे सांगितले जाते. संगणकातील नळीजवळून मात्र वाहने जात नाहीत. अक्षसममित आणि कालनिरपेक्ष गणना निवडली की विक्षोभाला शिरकाव करण्यास जागाच उरत नाही. दीर्घकाळ टिकणारा संक्षोभ नळीत सुमारे २०४० या अंकापासून संभवतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निश्चित केले. हा आकडा ठरवण्यासाठीही दीर्घ नळ्यांमधील प्रयोग आणि त्रिमितीय गणना या दोहोंची सांगड घालावी लागली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पायरीवरील प्रवाह : प्रातिनिधिक उदाहरण

यावर असा आक्षेप घेता येईल की, रेनॉल्ड्स अंक तपासला म्हणजे पुरे. जेथे प्रवाह खरोखर स्तरीय आहे तेथे तरी संगणकाचे उत्तर निर्दोष असेल. हा आक्षेप वरवर पटण्याजोगा आहे. म्हणूनच आर्माली, डुर्स्ट, परेरा आणि शोनुंग यांच्या १९८३ मधील अभ्यासाकडे थोडे तपशिलाने पाहणे उचित ठरेल.

या अभ्यासात ५.२ मिलिमीटर उंचीचा मार्ग एका पायरीपाशी अचानक १०.१ मिलिमीटर उंचीचा होतो. मार्गाची रुंदी १८० मिलिमीटर, म्हणजे पायरीच्या उंचीच्या सुमारे ३६ पट. हवेचा प्रवाह पायरीवरून पुढे जाताना खाली भोवरा तयार होतो आणि काही अंतरावर प्रवाह पुन्हा तळाला चिकटतो. हे अंतर लेसर-डॉप्लर तंत्राने मोजले गेले. सुमारे १२०० या रेनॉल्ड्स अंकापर्यंत प्रवाह स्तरीय होता. तरीही द्विमितीय गणना प्रयोगाशी जुळली ती सुमारे ४०० पर्यंतच. त्यापुढे दोहोंत फरक पडत गेला. ८०० या अंकाला मोजलेले अंतर पायरीच्या उंचीच्या सुमारे १४ पट आहे, तर नंतर इतरांनी काळजीपूर्वक केलेल्या द्विमितीय गणनांत ते सुमारे १२ पटच येते.

जाळी कितीही सूक्ष्म केली तरी हा फरक मिटत नाही, कारण तो जाळीचा दोष नाही. रुंदी एवढी मोठी असूनही बाजूच्या भिंतींचा परिणाम प्रवाहात आतपर्यंत पोहोचतो आणि प्रवाह त्रिमितीय होतो. विल्यम्स आणि बेकर यांच्या १९९७ मधील त्रिमितीय गणनेने ही गोष्ट दाखवून दिली. 'जाळी-निरपेक्ष उत्तर मिळाले' या वाक्याला आपल्याकडील अहवालांत जे प्रमाणपत्राचे स्थान मिळाले आहे, ते या उदाहरणापुढे टिकत नाही. निवडलेल्या समीकरणाचे उत्तर बरोबर निघाले, एवढेच त्यातून कळते. समीकरण प्रवाहाला लागू आहे का, हा प्रश्न उरतोच.

याच अभ्यासाशी तुलना करताना आणखी एक गफलत होते. आर्माली आणि सहकाऱ्यांनी रेनॉल्ड्स अंकासाठी प्रवेशमार्गाच्या उंचीची दुप्पट ही लांबी घेतली आहे. पायरीची उंची घेणाऱ्याचा अंक त्याच प्रवाहासाठी निम्म्याहून कमी भरतो. व्याख्या न पाहता आलेख एकमेकांवर ठेवले की जुळलेलेही जुळत नाहीत आणि न जुळलेले जुळल्यासारखे दिसतात.

सरकत्या झाकणाच्या चौकोनी पोकळीबद्दलही असेच म्हणावे लागेल. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ मध्ये १०,००० रेनॉल्ड्स अंकापर्यंत दिलेली कोष्टके आजही प्रत्येक अहवालात तुलनेसाठी येतात. संख्यात्मक पद्धतीची कसोटी म्हणून ती उत्तम आहेत. परंतु द्विमितीय पोकळीतील कालनिरपेक्ष प्रवाह सुमारे ८००० पुढे स्थिर राहत नाही, आणि तिसऱ्या मितीतील विक्षोभ विचारात घेतले तर तो १००० च्या आतच अस्थिर होतो. अशा कोष्टकाशी जुळणे म्हणजे एका गणनेचे दुसऱ्या गणनेशी जुळणे होय. निसर्गाशी जुळण्याचा पुरावा म्हणून ते मांडता येणार नाही.

अध्यापनाचा प्रश्न

येथे सुहास पाटणकर यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुणे आणि आयआयटी मुंबई येथे शिक्षण घेऊन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेलेल्या या संशोधकाने स्पाल्डिंग यांच्यासह १९७२ मध्ये 'सिंपल' ही पद्धत मांडली. दाब आणि वेग यांचा मेळ घालणारी ही पद्धत व तिच्या सुधारित आवृत्त्या आजच्या अनेक सॉफ्टवेअरच्या गाभ्याशी आहेत. त्यांच्या १९८० मधील ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, विरळ जाळीवरचे उत्तरही भौतिकदृष्ट्या संभाव्य असावे आणि एकूण राशींचा ताळा जुळावा, हा आग्रह त्यात पहिल्यापासून आहे. ज्याने स्वतः समीकरणाचे खंड पाडून प्रोग्रॅम लिहिला, त्याला गृहीतक कोठे शिरले ते ठाऊक असे. मेनूतून पर्याय निवडणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. यात विद्यार्थ्याचा दोष कमी आणि मूल्यमापन करणाऱ्यांचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मौखिक परीक्षेत आपण जाळीतील घटकांची संख्या विचारतो, 'स्तरीय कशावरून?' हे क्वचितच विचारतो.

सूक्ष्म वाहिन्या, वंगणाचे पातळ थर, केशनळ्या अशा अल्प रेनॉल्ड्स अंकांच्या क्षेत्रात संगणकीय प्रतिरूपण अत्यंत भरवशाचे आहे, आणि तेथे प्रयोग करणे बहुधा कठीणही असते. त्या क्षेत्राबद्दल येथे तक्रार नाही. पण ज्या महाविद्यालयांत जागेअभावी किंवा 'आता सॉफ्टवेअर आहे' या कारणाने रेनॉल्ड्सचे उपकरण अडगळीत गेले आहे, त्यांनी वर दिलेल्या नळीचा हिशेब पाण्याच्या स्तंभात करून पाहावा. २० मिलिमीटर व्यास, सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि एक मीटर लांबी. स्तरीय सॉल्व्हरनुसार मॅनोमीटरमध्ये सुमारे ४ मिलिमीटर पाण्याचा फरक दिसायला हवा. प्रत्यक्ष नळीवर तो सुमारे २० मिलिमीटर दिसेल, आणि तो पाहायला साधी फूटपट्टी पुरते.