हवेची ठेव

पेंटबॉलसाठी टाकी घेताना अमेरिकेतला हौशी गडी आकडे बघूनच हुरळतो. 68 घनइंच! चौरस इंचाला 4500 पौंड दाब! आमच्या कारकुनी नजरेला हे खटकतं. अहो, टाकी म्हणजे ठेव, आणि तिच्या तोंडावरचा रेग्युलेटर म्हणजे कॅशिअर. आत कितीही असो, तो बाहेर सोडणार बहुधा 800 च्या आसपास. मोठ्या टाकीनं गोळी जोरात जात नाही, जास्त वेळा जाते, एवढंच. रविवारपुरत्या खेळाला 48 घनइंची, 3000 ची ॲल्युमिनियमची पुरते. कार्बन फायबरची हलकी खरी, पण खिसाही हलका करते. कार्बन डायऑक्साइड स्वस्त. थंडीत मात्र त्याचा दाब बसतो. बाकी काही बघू नका, चाचणीची तारीख बघा. बहुतेक टाक्यांना 5 वर्षांची मुदत असते. ती उलटली की हवा भरून मिळत नाही. तिथं वशिलाही चालत नाही म्हणे!