सामुदायिक नभोवाणी : स्वर आणि वृत्त यांची फारकत

वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्रांची मुभा दिली व किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक असावेत, अशी अट घातली. मात्र वृत्त व चालू घडामोडींना मज्जाव केला. पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीच्या बातम्या मूळ स्वरूपात वा स्थानिक भाषेत अनुवादित करून प्रसारित करण्यापुरती. परिणामी म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या केंद्रास ओवी ऐकविता येते, पुस्तकावर चर्चा घडविता येते. चारा छावणीची स्वतः मिळविलेली बातमी देता येत नाही. ज्या दुष्काळाचे दुःख ओवीत उमटते, त्याचे वृत्त वगळल्यास ओवी केवळ करमणूक ठरते. 'स्थानिक' या संज्ञेत वृत्ताचा अंतर्भाव झाल्याखेरीज १९९५ चा निर्वाळा अपुराच राहील.