तंजावरच्या चर्चमधले सरफोजीराजे: एका संगमरवरी शिल्पाविषयी

तंजावरला गेलेली मराठी मंडळी बृहदीश्वर बघतात, सरस्वती महाल बघतात, आणि परततात. देवळाला लागूनच शिवगंगा तळं आहे. त्या तळ्याजवळ १७७९ सालचं एक साधं चर्च उभं आहे. लोक त्याला श्वार्ट्झ चर्च म्हणतात. आत इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडवलेलं एक संगमरवरी उठावशिल्प आहे, आणि ते घडवून घेणारे होते आपले सरफोजीराजे भोसले (दुसरे). या शिल्पावर मराठीत जे थोडंफार लिहिलं-बोललं जातं ते मला अपुरं वाटतं. म्हणून हा लेख.

आधी चर्चच्या ओळखीविषयी. कुणी त्याला डॅनिश म्हणतं, कुणी इंग्रजांचं. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन. जन्म १७२६ चा, शिक्षण हाले इथलं, धर्मदीक्षा कोपनहेगनला. १७५० मध्ये ते तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतल्या ल्युथरन मिशनमध्ये आले. पुढे तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर इथे त्यांनी काम केलं, पण ते लंडनच्या एका इंग्रज संस्थेच्या पैशावर. म्हणजे पाद्री ल्युथरन, मिशन डॅनिश, खर्च इंग्रजांचा आणि राज्य मराठ्यांचं! १८२० च्या दशकात इथलं मिशन अँग्लिकन संस्थेकडे गेलं. आज हे चर्च दक्षिण भारतीय चर्चच्या ताब्यात आहे. एकच लेबल लावलं की यातलं काही ना काही सुटतंच.

आता शिल्प. श्वार्ट्झ अंथरुणावर शेवटच्या घटका मोजताहेत. राजांनी त्यांचा हात हातात घेतलाय. उशाशी एक पाद्री उभा आहे, तो गेरिके असं मानलं जातं. राजांच्या मागे दोन दरबारी मंडळी, आणि खाटेजवळ मिशनच्या शाळेतली तीन मुलं. बस्स, एवढंच. देवदूत नाहीत, ढग नाहीत. सगळं शिल्प त्या दोन हातांवर तोललेलं आहे, आणि ते उत्तम तोललंय, यात वाद नाही.

या शिल्पाविषयी दोन प्रकारची मतं कानावर येतात. एक गट म्हणतो, गुरु-शिष्य प्रेमाचं किती हृद्य दर्शन! दुसरा म्हणतो, छत्रपतींच्या घराण्यातला राजा पाद्र्यापुढे वाकलेला दाखवलाय, हा अपमान आहे. माझ्या मते दोघंही एकच गोष्ट विसरतात: हे शिल्प कंपनीने किंवा मिशनने लादलेलं नाही, ते राजांनी स्वतः मागवलं. तेव्हा आधी विचारायला हवं, राजांना यातून काय सांगायचं होतं?

तारखा बघा. श्वार्ट्झ वारले १३ फेब्रुवारी १७९८ ला. त्या दिवशी तंजावरच्या गादीवर सरफोजी नव्हते, अमरसिंग होते. सरफोजी गादीवर आले त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणजे शिल्पात दरबारी घेऊन उभा असलेला हा राजा त्या क्षणी राजा नव्हताच. शिल्पाने काळ थोडा पुढे सरकवलाय.

हे का, ते समजायला १७८७ मध्ये जावं लागतं. तुळजाराजांनी मरणाआधी लहानग्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्यांचा सांभाळ करायला श्वार्ट्झना सांगितलं. श्वार्ट्झनी एकट्याने जबाबदारी घेतली नाही, तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांचं नाव सुचवलं. पण तुळजाराजे गेल्यावर कंपनीने पंडितांचं मत घेतलं, दत्तक अवैध ठरलं, आणि अमरसिंगच राजे झाले. मुलाचे हाल होऊ लागले तशी श्वार्ट्झनी मद्रासकडे तक्रार केली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवलं, तिथे गेरिकेंनी त्यांना शिकवलं. पुढे दत्तकाचा निकाल फिरला.

आता पुन्हा शिल्पाकडे या. मरणाऱ्या माणसाचा हात धरायचा मान आपल्याकडे कुणाचा? मुलाचा. ज्याचं दत्तक एकदा नाकारलं गेलं त्या राजाने स्वतःला पालकाच्या उशापायथ्याशी मुलाच्या जागी कोरून घेतलंय. प्रेम खरंच होतं. अंत्यविधीच्या वेळी सरफोजी हजर होते आणि रडले, अशी समकालीन नोंद आहे. पण प्रेमाच्या जोडीला हक्काचाही दावा आहे, आणि अमरसिंगांना या दगडात कुठेच जागा नाही.

आणखी एक. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांच्या हाती किल्ला आणि लगतचा थोडा परिसर उरला. म्हणजे हे शिल्प बसवलं तेव्हा राज्य नव्हतं, फक्त राजेपण होतं. त्याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. एक दगड मराठी वाचकासाठी, दुसरा साहेबासाठी. दोन्हींचा विषय मात्र एकच: हा वंश माझा, आणि मी त्याचा खरा वारस. हे दोन दगड शेजारी-शेजारी वाचले नाहीत तर दोन्ही अर्धेच कळतात, असं माझं म्हणणं आहे.

दोषही सांगतो. फ्लॅक्समन कधी हिंदुस्थानात आला नव्हता, आणि ते जाणवतं. पागोटी सोडली तर यात तंजावर फारसं नाही. दरबारी आणि मुलं जागा भरायला आल्यासारखी वाटतात. त्यांच्या दुःखाला स्वतःचा चेहरा नाही. मिशनची ती मुलं खरं तर श्वार्ट्झच्या कामाचा गाभा होती.

पुढच्या वेळी तंजावरला जाल तेव्हा बृहदीश्वराचा मराठी लेख बघून झाला की तसेच शिवगंगेकडे वळा. चालत पाच-दहा मिनिटांचं काम आहे. प्रार्थनेची वेळ टाळा, चर्च बंद असेल तर शांतपणे विचारा. आणि शिल्पासमोर उभं राहिल्यावर पाद्र्याच्या चेहऱ्याआधी राजांचा हात बघा.