‘ड्रुइड’ : रानातील पात्र आणि रानाची भाषा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित भूमिकांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये ‘ड्रुइड’ हा अरण्यवासी पुरोहित खेळाडूने धारण करावयाच्या भूमिकांत समाविष्ट झाला. नियमग्रंथ ही रूढ अर्थाने वाङ्मयकृती नव्हे. तथापि तीत पात्ररचना असते, म्हणून ती समीक्षेचा विषय ठरते.

‘ड्रुइड’ या केल्टिक शब्दाच्या उत्तरपदात संस्कृत ‘विद्’ धातूचा सगोत्र धातू आहे. पूर्वपदाविषयी मतभेद असले, तरी त्याचा संबंध बहुधा ‘द्रु’, म्हणजे वृक्ष, याच्याशी जोडण्यात येतो. या नावाचा भर, म्हणजे, वनात राहण्यावर नसून जाणण्यावर आहे. खेळातील पात्र मात्र ठराविक पायरी गाठताच वनस्पती व प्राणी ओळखू लागते. हे ज्ञान त्यास कोणी व कोणत्या नावांनी दिले, याविषयी नियम मौन पाळतात. उलट, १९७८ च्या नियमग्रंथाने या पंथास स्वतःची गुप्त भाषा बहाल केली. ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवणे अयोग्य मानीत व काही शिष्य वीस वर्षे पाठांतर करीत, असे सीझरने नोंदविले आहे. त्यामुळे पंथ लोपला, तेव्हा त्याबरोबर विद्याही लोपली. ज्या गुप्ततेने ही हानी केली, तीच खेळात भूषण ठरावी, हा या पात्ररचनेतील मुख्य दोष होय.

हे पात्र माळशिरस परिसराच्या बोलीत आणू गेल्यास दुसरी उणीव दिसते. येथे ‘तो रानात गेला’ याचा अर्थ बहुधा ‘शेतात गेला’ असा होतो. तोच शब्द ‘रानडुक्कर’, ‘रानभाजी’ यांत वन्यत्वाचा, तर ‘माळरान’ यात उघड्या भूमीचा वाचक होतो. नांगरलेली भूमी आणि वन यांच्यामध्ये या बोलीने भिंत घातलेली नाही. म्हणून ‘अरण्यवासी’ या प्रतिशब्दापेक्षा ‘रानातला जाणता’ हा प्रयोग मूळ शब्दार्थाच्या अधिक जवळ जातो.

अशा जाणत्याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले व २०२५ मध्ये तेथेच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या सेवेत अरण्यवासीयांकडून पशुपक्ष्यांची नावे व त्यांविषयीचे ज्ञान मिळविले. ‘पक्षिकोशा’सारख्या ग्रंथांतून त्यांनी ते सर्वांस खुले केले, बगळ्यांच्या वीणवसाहतीस ‘सारंगागार’ हा शब्दही दिला. खेळातील ड्रुइड भाषा झाकतो. चितमपल्लींनी ती उघडी केली.

मराठीत हे पात्र रुजवावयाचे असेल, तर गुप्त भाषेचा नियम गाळणे उचित ठरेल. त्याऐवजी बाभूळ, हिवर, तरवड यांची नावे व उपयोग खेळाडूने एखाद्या मेंढपाळाकडून जाणून घ्यावेत आणि ते सांगता आल्यावरच पात्रास सामर्थ्य मिळावे, असा नियम ‘ड्रुइड’ या शब्दाशी अधिक प्रामाणिक राहील.