दिवा लागला नाही, म्हणजे काय?

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, 'मोटारीचा डॅशबोर्ड : एक समीक्षा' हे खरंच आहे की छपाईची चूक? (हशा) खरंच आहे. समीक्षा आपण कशाची करतो? ज्यात चिन्हं आहेत, अर्थ आहे आणि वाचणारा आहे, त्याची. डॅशबोर्डमध्ये हे तिन्ही आहे. फरक इतकाच, की कादंबरी चुकीची वाचली तर कुणी मरत नाही. इथे वाचक ताशी ऐंशीच्या वेगाने चाललेला असतो, आणि वाचायला त्याला अर्धा सेकंद मिळतो. असल्या मजकुरावर टीका करताना आपण जास्त कडक असायला हवं, असं माझं मत आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. तुम्ही किल्ली फिरवता, किंवा आता बटण दाबता. इंजिन सुरू होण्याआधी समोर दिवाळी होते. लाल, पिवळे, सगळे दिवे एकदम लागतात आणि बहुतेक काही सेकंदांत, उरलेले इंजिन सुरू झाल्यावर विझतात. बहुतेकांना वाटतं ही शोभा आहे. ती शोभा नाही. गाडी म्हणतेय, 'हे बघा, मला बोलता येतंय. आता मी गप्प बसले, तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घ्या.'

आपल्याकडे कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घागर नाही, हे मला कसं कळलं? घागर दिसली नाही म्हणून. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नव्हतं, तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचा भर आहे : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, म्हणून ती नाही असं म्हणता येत नाही. याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. किल्ली फिरवल्यावरची ती दिवाळी म्हणजे ही योग्यता सिद्ध करण्याचा विधी आहे. दिवा लागू शकतो हे आधी दाखवलं, म्हणून त्याचं न लागणं आता काही सांगतं.

हे नुसतं पांडित्य नव्हे, बरं का. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा विकणारा इंजिन आधीच चालू करून ठेवतो. ते बंद करायला सांगा आणि परत किल्ली फिरवून बघा. एअरबॅगचा दिवा लागून विझला, तर ठीक. लागलाच नाही, तर गाडी निर्दोष आहे असं समजू नका, तिचं तोंड बांधलेलं असू शकतं. दिव्याची जोडणी काढून टाकणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली गाडी तर मी स्वतः पाहिली आहे. मालक समाधानी होता. (हशा)

आता जे दिवे लागतात, त्यांच्याकडे वळू. त्यांचं एक व्याकरण आहे, आणि ते आंतरराष्ट्रीय आहे, आयएसओ २५७५ या मानकात दिलेलं. लाल म्हणजे धोका, आत्ता लक्ष द्या. पिवळा म्हणजे सावध, लवकर दाखवा. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे, एवढंच. हेडलाइट अप्परवर असेल तर निळा. हे व्याकरण चांगलं आहे, सिग्नलच्या रंगांशी जुळतं, अडाण्यालाही कळतं. माझी तक्रार व्याकरणाबद्दल नाही, वाक्यांबद्दल आहे.

तेलाच्या डब्याचं चित्र घ्या. अलाउद्दीनच्या दिव्यासारखं दिसतं, टोकाशी एक थेंब. हा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर माणूस म्हणतो, 'तेल कमी झालं असेल, पुढच्या पंपावर भरू.' इथेच इंजिन संपतं. तो दिवा तेलाच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब नाही म्हणजे इंजिनाच्या फिरत्या भागांमध्ये तेलाचा थर नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. तिथे पुढचा पंप नसतो. बाजूला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं. आता मला सांगा, डब्याचं चित्र बघून 'दाब' हा अर्थ कुणाला सुचेल? बॅटरीच्या चित्राचंही तेच. तो दिवा बहुतेक वेळा बॅटरी खराब झाल्याचा नसून ती चार्ज होत नसल्याचा असतो. दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असू शकतो. नवी बॅटरी घालून लोक निघतात आणि पन्नास किलोमीटरवर परत उभे राहतात.

त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचा दिवा. वर्तुळात उद्गारचिन्ह, लाल. कित्येक गाड्यांत हा एकच दिवा दोन गोष्टी सांगतो : हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा ब्रेकचं ऑइल कमी झालंय. पहिली गोष्ट रोजची, क्षुल्लक. दुसरी जिवावरची. काव्यात याला श्लेष म्हणतात आणि आपण दाद देतो. ब्रेकच्या बाबतीत श्लेष कुणी करावा? रोज सकाळी हा लाल दिवा बघायचा आणि हँडब्रेक सोडला की तो जातो, अशी डोळ्यांना सवय लागते. मग एके दिवशी हँडब्रेक सोडूनही तो जात नाही, तेव्हा माणूस हँडब्रेकच परत परत खाली दाबत बसतो.

आणि आता तो प्रसिद्ध पिवळा दिवा, इंजिनाची बाह्याकृती. 'चेक इंजिन'. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून ओबीडी-टू नावाची स्वयंनिदानाची पद्धत सक्तीची झाली, तिचा हा चेहरा. आपल्याकडेही भारत स्टेजच्या नियमांबरोबर ती आली. मुळात ही व्यवस्था धुरावर, म्हणजे प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी होती. म्हणून इंजिन गुळगुळीत चाललेलं असतं आणि दिवा मात्र लागलेला असतो. अमेरिकेत तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न लावल्यानेही तो लागू शकतो. उलट तोच दिवा लुकलुकायला लागला, तर अर्थ एकदम बदलतो. बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय, असा असतो. तेव्हा पाय हलका करायचा आणि लवकरात लवकर थांबायचं. स्थिर आणि लुकलुकता यांत एवढा फरक आहे, आणि तो समजावणारं वाक्य माहितीपुस्तिकेच्या कुठल्या तरी आतल्या पानावर असतं.

न्यायदर्शनात 'आप्त' कुणाला म्हणावं याची चर्चा आहे. वात्स्यायनांच्या मते आप्त म्हणजे ज्याने विषय नीट जाणला आहे आणि जसा जाणला तसा सांगायची ज्याला इच्छा आहे. दोन्ही हवं. ज्ञान हवं आणि सांगायची इच्छाही हवी. आता गाडीतल्या संगणकाला ही कसोटी लावा. हा दिवा लागतो तेव्हा संगणकाने पाच अक्षरांचा एक संकेत स्मृतीत लिहून ठेवलेला असतो. पी ०३०१ असेल तर पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन पेटताना चुकतंय. पी ०४२० असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय. म्हणजे ज्ञान आहे. पण आपल्याला काय दिसतं? इंजिनाचं चित्र. आणि पुस्तिका काय सांगते? 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.' माझ्याकडच्या पुस्तिकेत हे वाक्य इतक्या वेळा येतं, की मला ते पालुपद वाटायला लागलं. आप्ताची पहिली अट पुरी झाली, दुसरी नाही.

पूर्वी याला सबब होती. एक छोटा बल्ब, त्यावर कापलेलं चित्र, त्यात किती सांगणार? आता समोर दहा इंची पडदा आहे. त्यावर गाण्याचं नाव येतं, गायिकेचा फोटो येतो. 'पहिल्या सिलिंडरमध्ये दोष, सावकाश चालवा' या ओळीला मात्र जागा नाही. यावर कंपन्यांचं म्हणणं असतं की सामान्य ग्राहक घाबरेल, अर्धवट माहितीवर स्वतःच दुरुस्ती करायला जाईल. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. संकेत म्हणजे निदान नव्हे. पी ०४२० दिसला म्हणून कन्व्हर्टरच बदलायला निघणारा माणूस पैसे वाया घालवेल, दोष एखाद्या सेन्सरचाही असू शकतो. पण रक्ताच्या तपासणीचा कागद रुग्णाच्या हातात देतातच ना? आकडे वाचून तो स्वतःवर शस्त्रक्रिया करत नाही, डॉक्टरला दोन प्रश्न नीट विचारतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा रीडर बाजारात मिळतो, मोबाइलवर संकेत दाखवतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो जरूर ठेवावा. गॅरेजमध्ये बोलण्याचा सूर बदलतो, तुमचाही आणि त्यांचाही.

जाता जाता, काट्याबद्दल. इंजिनाच्या तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांतून गेला. गार असताना निळा दिवा, फार तापलं की लाल, मधलं काही नाही. खंबाटकी किंवा कसारा चढताना जुने ड्रायव्हर काट्यावर नजर ठेवायचे. तो वर सरकायला लागला की एसी बंद, आणि भर उन्हात हीटर पूर्ण चालू. कारण हीटरची जाळी म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. लाल दिवा लागेपर्यंत ही युक्ती करायची वेळ टळलेली असते, मग थांबायचंच. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. काट्याचंही फार कौतुक नको म्हणा. पुढेपुढे कित्येक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा केला होता, ग्राहकाला चैन पडावं म्हणून.

आतापर्यंत गाडी आपल्याशी बोलते त्याबद्दल झालं. आता आपण तिच्याशी बोलतो ते, म्हणजे एसी. तापलेल्या गाडीत बसलं की लोक तापमानाचा आकडा सर्वांत खाली नेतात, लवकर गार व्हावं म्हणून. स्वयंचलित एसीत तो आकडा म्हणजे साध्य आहे, जोर नव्हे. चोवीस लावा की सोळा, सुरुवातीला यंत्र पूर्ण ताकदीनेच गार करणार. सोळा लावल्याने चोवीसपर्यंत लवकर पोचत नाही, नुसतं चोवीसच्या पुढे जातं. मग कुडकुडायचं. विलेट केम्प्टन या अभ्यासकाने १९८६ साली घरातल्या थर्मोस्टॅटबद्दल हेच दाखवलं होतं : अनेक लोक त्याला नळाची तोटी समजतात, जास्त फिरवली की जास्त येईल. साध्या नॉबच्या एसीत आणखी वेगळं असतं. निळ्याकडून लालकडे फिरवताना तुम्ही गार हवेत हीटरची गरम हवा मिसळत असता. दोन्ही नॉब दिसायला भाऊ-भाऊ, स्वभाव निराळे. डॅशबोर्ड हा फरक कुठेही सांगत नाही.

आणि पावसाळा. ताम्हिणीत किंवा आंबोलीत समोरची काच एकाएकी पांढरी होते. माणूस फडक्याने पुसत एका हाताने गाडी चालवतो. दोन वेगवेगळे प्रकार इथे एकसारखे दिसतात. बाहेर गारठा आणि आत चार माणसांचे श्वास, अशा वेळी वाफ आतून धरते. तेव्हा हवा काचेकडे वळवायची, बाहेरची हवा आत घ्यायची आणि एसी चालू ठेवायचा. थंडी वाजते म्हणून लोक एसी बंद करतात, तिथे फसतात. एसी हवा कोरडीही करतो. गाडीखाली जे पाणी ठिबकतं, ते हवेतून काढलेलं असतं. थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, एसी तसाच ठेवा. याउलट मुंबईच्या दमट उकाड्यात गार हवा काचेवर सोडली, तर काच थंड होते आणि वाफ बाहेरून धरते. ओळखायचं कसं? वायपर फिरवा. गेली तर बाहेरची. मग गार हवा काचेवरून काढून घ्या. तीच हवा आतल्या आत फिरवणारं बटण, गाडीच्या चित्रात वळसा घेतलेला बाण, हे धुळीत आणि धुराच्या ट्रॅफिकमध्ये चांगलं. पण तासन्‌तास ठेवू नये. आतली हवा कोंदट होते, श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ड्रायव्हरला पेंग येते.

इथे माझा मुख्य आक्षेप येतो. हे सगळं पूर्वी हाताला कळायचं. तीन नॉब, डोळे रस्त्यावर. आता ते पडद्यात गेलंय. 'व्ही बिलॅगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ साली एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात चालकांनी चार कामं करायची, त्यांत तापमान वाढवणं आणि काच साफ करणारी हवा सुरू करणं हेही. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्व्होत सगळं सुमारे १० सेकंदांत झालं. पडद्यावरच्या सर्वांत वाईट गाडीत सुमारे ४५ सेकंद लागले. त्या वेगात ४५ सेकंद म्हणजे जवळजवळ चौदाशे मीटर.

यावर युरोपात हालचाल झाली आहे. युरो एनसीएपी या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०२६ पासून असं ठरवलं, की सर्वोच्च गुण हवे असतील तर काही गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे हवेत : इंडिकेटर, धोक्याचे लुकलुकते दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक. निर्णय चांगला आहे. पण यादी परत वाचा. वायपर आहे, म्हणजे काचेची बाहेरची बाजू महत्त्वाची मानली. आतून वाफ धरली तर ती घालवायचं बटण यादीत नाही. घाटात, पावसात, समोरून ट्रक येत असताना काच आंधळी होते. ती आतून झाली की बाहेरून, याने त्या ट्रकला काय फरक पडतो, हे मला या यादीच्या कर्त्यांना विचारायचं आहे. नवी गाडी बघायला शोरूममध्ये जाल तेव्हा तुम्हीही डोळे मिटून, नुसत्या हाताने, काचेवरची हवा सुरू करता येते का ते करून बघा. विक्रेता तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आता प्रश्न घेऊ. मागे कुणाचा तरी हात वर आहे.