शर्यतीच्या खेळांतील चाक व कंट्रोलर

पडद्यावर मोटारींच्या शर्यती खेळणाऱ्या तरुणांत गेलीं कित्येक वर्षें एक वाद चालला आहे, आणि तो मिटण्याचें चिन्ह अद्याप दिसत नाहीं. शर्यत खेळावी ती टेबलाला आवळलेलें स्टिअरिंगचें चाक व पायांखालचीं पेडलें घेऊन, कीं दोन हातांत मावणारा, अंगठ्यांनीं व बोटांनीं चालणारा कंट्रोलर घेऊन, असा हा वाद आहे. चाकवाले म्हणतात, कंट्रोलरवर खेळणें हा पोरखेळ आहे. शिवाय त्या मंडळींना खेळाचा प्रोग्रामच आंतून हात देतो. कंट्रोलरवाले म्हणतात, हा सगळा पैशाचा तोरा आहे. पांचसहा हजारांच्या वस्तूनें आम्ही तुम्हांला मागें टाकतों, हेंच तुमचें दुखणें. आमच्या कांहीं समव्यवसायी मित्रांना हा विषय मासिकाच्या पानांना न शोभणारा वाटेल. परंतु अनुकृति म्हणजे काय, तिच्यांत साधनाचा वांटा किती, आणि साधन बदललें असतां कृति तीच राहते काय, हे साहित्यशास्त्रांतले जुनेच प्रश्न या वादाच्या पोटांत दडलेले आहेत. आणि ज्या घरांत मुलगा 'चाक घेऊन द्या' म्हणून हटून बसला आहे, त्या घराला तर हा विषय मुळींच हलका वाटणार नाहीं.

विठ्ठलवाडीच्या रहिवाशास हा प्रश्न समजून घेण्यासाठीं दूर जावयास नको. कल्याण व उल्हासनगर यांच्या मधलें हें स्टेशन. आणि याच विठ्ठलवाडींत एस.टी.चें आगारही आहे. आगारांतून गाडी बाहेर काढणारा चालक भलें मोठें चाक दोन्ही हातांनीं फिरवीत असतो. रस्त्यावरचा खड्डा, ओली माती, वळणाचा उतार, सारें त्याला तळहातांतून कळतें. उलटपक्षीं, स्टेशनांतून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या मोटरमनपुढें चाकच नसतें. त्याच्या हाताखालीं एक मूठ असते, आणि रेल्वेच्या भाषेंत तिच्या यंत्राला 'मास्टर कंट्रोलर' असेंच म्हणतात. गाडी कोठें वळावयाची हें मोटरमन ठरवीत नाहीं, तें रुळानें आधींच ठरविलेलें असतें. किती वेग घ्यावयाचा व केव्हां सोडावयाचा, एवढेंच त्याच्या हातीं. म्हणून काय तो एस.टी.च्या चालकाहून कमी प्रतीचा ठरला? बारा डब्यांची भरलेली गाडी फलाटावर नेमक्या जागीं आणून उभी करणें हें कौशल्य कोणीही हलकें मानणार नाहीं. तात्पर्य, हातानें काय करावयाचें हें साधन पाहून ठरत नाहीं. हाताखेरीज दुसऱ्या कोणी किती भार उचलला आहे, यावर तें ठरतें. आणि आमचें म्हणणें असें कीं, शर्यतीच्या खेळांतल्या कंट्रोलरमध्यें असाच एक रूळ लपविलेला असतो.

तो कसा, तें पाहूं. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळशा चाकांचा फेर ९०० अंशांचा, म्हणजे अडीच वेढ्यांचा असतो. साध्या मोटारीच्या स्टिअरिंगचा फेरही सुमारें तेवढाच. कंट्रोलरवरची दांडी मात्र मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम बोटाच्या पेरभर सरकते. अंगठ्याची ही चिमूटभर हालचाल जशीच्या तशी मोटारीच्या पुढच्या चाकांना लावली, तर ताशीं दोनशें किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी पहिल्याच वळणावर गिरकी घेईल. म्हणून खेळ रचणारे मध्यें एक दुभाषा बसवितात. गाडीचा वेग वाढला कीं हा दुभाषा वळण्याचा कोन आंखडता घेतो. अंगठा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला तरी चाकें सावकाश वळवितो. दांडी सोडतांच तीं हळुवार सरळ करतो. फोर्झा या प्रसिद्ध खेळांत तर स्टिअरिंगचे 'नॉर्मल' व 'सिम्युलेशन' असे दोन प्रकार यादींत दिलेलेच आहेत. पहिल्यांत दुभाष्याचें काम अधिक, दुसऱ्यांत कमी. म्हणजे कंट्रोलरवाला आज्ञा करीत नाहीं, तो आपली इच्छा कळवितो. आणि तिचा अर्थ लावून ती अमलांत आणण्याचें काम दुसराच कोणी करतो. एकाच मैदानावर, एकाच क्षणीं, दूरदूरच्या गांवांतून धांवणारे दोन गडी येथें वस्तुतः दोन निरनिराळ्या संहिता वाचीत असतात. एक मूळ, दुसरी भाषांतर. भाषांतर वाईटच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें भाषांतर आहे, हें मुखपृष्ठावर छापावें लागतें.

आतां चाकाची बाजू. चाकाचा खरा गुण तें मोटारीच्या चाकासारखें दिसतें यांत नाहीं. २००८ सालीं मारिओ कार्ट या खेळाबरोबर निन्टेन्डोनें प्लास्टिकचें एक पांढरें चाक दिलें होतें. तें केवळ एक कवच होतें, आंत नेहमींचा रिमोट बसवावयाचा आणि हवेंत धरून डावीउजवीकडे कलवावयाचें. रूप चाकाचें, पण बोलणें मुक्याचें! मुलांना त्यानें आनंद दिला, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु बाह्य सादृश्य व अनुकृति या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून सुबोध दाखला आम्हांस वर्गांत आजवर सांपडलेला नाहीं.

खरें चाक बोलतें तें असें. टायर रस्त्याला जेथें टेकतो, तेथें वळतांना एक आडवें बल उत्पन्न होतें, आणि तें टेकण्याच्या मध्यबिंदूच्या किंचित् मागें पडतें. त्यामुळें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें आणि चालकाच्या हाताला ओढ देतें. गाडी जोरानें वळवावी तशी ही ओढ वाढते; मात्र टायरची पकड संपत आली कीं तें मागचें अंतर आटत जातें, आणि स्टिअरिंग एकाएकीं हलकें पडतें. मौज अशी कीं, पुढचीं चाकें प्रत्यक्ष घसरण्याच्या अगोदर हा हलकेपणा येतो. सरावलेला हात तो ओळखतो आणि डोळ्यांना कांहीं दिसण्यापूर्वींच सावध होतो. चांगल्या खेळण्याच्या चाकांत विजेची मोटर बसवून हीच ओढ हातापर्यंत पोंचविलेली असते. कंट्रोलरमधील थरथर यापुढें फार गरीब. 'कांहीं तरी झालें' एवढेंच ती सांगते. कोणत्या बाजूला, किती, आणि आतां काय होणार, हें सांगण्याची ऐपत तिच्यांत नाहीं. २०२० सालच्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरांत बोटाखालच्या खटक्याला विरोध उत्पन्न करण्याची सोय आली, आणि ब्रेक दाबतांना थोडी जाणीव होऊं लागली, हें खरें. पण अंगठ्याखालची दांडी मुकीच राहिली.

येथें इतिहासाची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. चाक हें कंट्रोलरवर झालेली सुधारणा आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती उलटी आहे. अटारी कंपनीचा 'ग्रान ट्रॅक १०' हा शर्यतीचा खेळ १९७४ सालीं आला, तोच मुळीं चाक, पेडलें व गिअरची दांडी घेऊन. १९८६ चा सेगाचा 'आउट रन', १९८९ चा 'हार्ड ड्रायव्हिन' हे सारे नाणें टाकून खेळावयाचे, कपाटाएवढे खेळ. आणि हातांत ओढ देणारें चाक त्यांत होतेंच. खेळ दुकानांतून घरांत आला तेव्हां कपाट घरांत मावेना, म्हणून चाकाचें बटण झालें. बटण म्हणजे एक तर पूर्ण डावें, नाहीं तर पूर्ण उजवें. मधली श्रुति नाहीं. ती मधली श्रुति परत मिळविण्यासाठीं नाम्को कंपनीनें १९९५ सालीं 'नेगकॉन' नांवाचा, मधोमध पिळतां येणारा कंट्रोलर काढला. पुढें दोन वर्षांच्या आंतच अंगठ्याची दांडी सर्वत्र रूढ झाली आणि पिळण्याची कल्पना मागें पडली. आम्हांस ही कल्पना फार आवडते. अल्प जागेंत व अल्प मोलांत वळणाची सूक्ष्मता कशी आणावी, याचा इतका सरळ विचार पुढें कोणी केलेला दिसत नाहीं.

श्रुतींचा विषय निघालाच आहे, तर पेटीचें उदाहरण येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं. पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला आपल्या दारांतून बाहेर काढलें; तीस वर्षांनंतर, १९७१ च्या सुमारास, तो निर्बंध सैल झाला. मींड निघत नाहीं हा आक्षेप अगदीं खरा होता. परंतु त्या तीस वर्षांत गांवोगांवच्या भजनी मंडळांनीं पेटी खालीं ठेवली नाहीं, कारण ती स्वस्त होती, सतरंजीवर मावत होती, आणि चार दिवसांच्या सरावानें साथ देऊं लागत होती. साधनांतलें उणें शास्त्रदृष्ट्या सिद्ध झालें म्हणजे तें साधन हातांत धरणारा अनधिकारी ठरतो, असा न्याय संगीतांत चालला नाहीं. शर्यतीच्या खेळांतही तो चालूं नये.

चाकवाल्यांचा दुसरा आधार तादात्म्याचा. चाक हातीं असलें म्हणजे आपण खोलींत आहों हेंच विसरतें, असें ते सांगतात. या ठिकाणीं आम्हांस नरसिंह चिंतामण केळकरांची सविकल्प समाधि आठवते. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून त्यांनीं मांडलेला हा विचार मराठी टीकेंत पुढें पुष्कळ चर्चिला गेला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका सोडीत नाहीं. या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असें त्याचें सार. या कसोटीनें पाहतां सर्वस्वी विसरणें हें खेळाचें ध्येयच नव्हे. पडद्यावरची मोटार भिंतीवर आदळली तरी हाड मोडत नाहीं, हें मनाच्या एका कोपऱ्यांत ठाऊक असतें म्हणूनच गडी ते धाडसी वळण घेतो. कंट्रोलरवर रमलेला मुलगाही आपण अंगठा हलवीत आहों हें विसरलेला असतो, जसा कादंबरी वाचणारा आपण पान उलटीत आहों हें विसरतो. म्हणून समाधीच्या नांवानें चाकाचा कैवार घेतां येणार नाहीं. चाकाचें श्रेष्ठत्व असेल तर तें ज्ञानाचें आहे: टायरची वार्ता त्यांतून हातापर्यंत येते, दुसऱ्यांतून येत नाहीं.

हें ज्ञान व्यवहारांत उपयोगी पडतें काय, असा प्रश्न पालक विचारतील. निसान व सोनी यांनीं २००८ पासून चालविलेल्या 'जीटी अकॅडमी'नें ग्रान टुरिस्मो या खेळांतले निवडक खेळाडू खऱ्या शर्यतींत उतरविले. पहिल्या वर्षींचा विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येस २०११ च्या 'ल मान्स'च्या चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत दुसरा आला. त्याच २०११ सालीं अकॅडमींत निवडला गेलेला जान मार्डनबरो २०१३ सालीं तेथेंच आपल्या वर्गांत तिसरा आला. त्याच्यावर २०२३ सालीं चित्रपटही निघाला. पण या उदाहरणांवरून 'चाक घेतलें कीं चिरंजीव ल मान्सला' असा हिशेब कोणी करूं नये. वळणाची रेषा कोठून धरावी, ब्रेक कोठें लावावा, समोरच्याची चूक किती आधीं हेरावी, ही खेळांतून खऱ्या रस्त्यावर नेण्याजोगी शिदोरी. आणि ती आमच्या मतें बव्हंशीं डोळ्यांची व डोक्याची आहे, कोणत्याही साधनानें जमविण्याजोगी.

राहिला न्यायाचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीनें वादाचें मर्म तेथेंच आहे. घसरलेली गाडी सांवरतांना चाकवाल्यास हातभर वेढा उलटा मारावा लागतो. कंट्रोलरवाल्यास अंगठ्याची एक फेंक पुरते, शिवाय दुभाषा मदतीस. उलट, लांबलचक वळणांत गाडी पकडीच्या सीमेवर तोलून धरणें चाकवाल्यास सुकर. नफातोटा दोहोंकडे आहे. पण दोघांची मदत सारख्याच उजेडांत नाहीं. ग्रान टुरिस्मोसारख्या खेळांत शर्यतीचा यजमान उलटें वळण आपोआप मारणारी मदत नियमानें बंद करूं शकतो. अंगठ्याच्या मागें बसलेला दुभाषा मात्र त्या नियमाच्या यादींत येतच नाहीं, कारण त्याच्याशिवाय कंट्रोलर चालणारच नाहीं. चाकवाल्यांचें आणि कंट्रोलरवाल्यांचें वेगवेगळें मैदान करावें, अशी मागणी कोणी कोणी करतात. ती आम्हांस मान्य नाहीं, कारण तिचा अर्थ व्यवहारांत श्रीमंतांचें मैदान व गरिबांचें मैदान असाच होईल. खेळ रचणाऱ्यांनीं हा दुभाषा किती वेगाला किती कोन आंखडतो, तें आंकड्यांनीं उघड करावें, आणि शर्यतीच्या निकालांत प्रत्येकाच्या नांवापुढें साधन व मदत लिहावी, एवढें मागणें पुरे आहे.

घरच्या माणसांसाठीं चार शब्द. नांवाजलेलें साधें चाक आज वीसतीस हजारांच्या घरांत जातें. दोन खोल्यांच्या घरांत तें आवळावयास भक्कम टेबल लागतें, आणि हलक्या टेबलाला बांधलेलें चाक वळणावळणाला टेबलच ओढून नेतें. विठ्ठलवाडीच्या शेजारीं उल्हासनगर असल्यानें लोखंडी चौकट जोडून घेणें येथल्या लोकांना कठीण नाहीं. दुकानच्या स्टँडापेक्षां ती बहुधा स्वस्तच पडेल. पण घाई नको. मुलानें वर्षभर कंट्रोलरवर, आणि तेंही मदती एकेक करून बंद करीत, मन लावून खेळावें. पुढें त्याला टायरची वार्ता हातांत हवी असें स्वतःहून वाटूं लागलें, तर चाक जुनें, कोणीं वापरून विकलेलें घ्यावें, आणि वांचलेला पैसा ब्रेकच्या पेडलावर घालावा. पाय किती सरकला हें मोजणाऱ्या पेडलापेक्षां पाय किती जोरानें दाबला हें मोजणारें पेडल खऱ्या मोटारीस अधिक जवळचें आहे. विकत घेतांना दुकानदार चाकाचें कातडें दाखवील. आपण पेडल दाबून पाहावें.